‘गावात चर्चा आहे’ : गृहमंत्र्यांना खुले पत्र

माननीय गृहमंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

आपला वेळ मोलाचा आहे याची जाणीव ठेवूनच हे लिहीत आहे. गेल्या वर्षी फेब्रुवारीत माझी धाकटी बहीण कृष्णेच्या घाटावर धुणे घेऊन गेली आणि परतली नाही. तिसऱ्या दिवशी तिचा देह खालच्या बंधाऱ्याच्या बरग्यांना अडकलेला सापडला. तीन महिन्यांत चौकशी पुरी करून लेखी कळवू, असे आम्हाला सांगण्यात आले होते. चौदा महिने आणि सतरा हेलपाटे झाल्यावर परवा अकस्मात मृत्यूच्या कागदांची नक्कल हाती पडली. तिच्यात मृत्यूच्या कारणापुढे लिहिले आहे : ‘मयत ही मानसिक तणावाखाली होती, अशी गावात चर्चा आहे.’

महोदय, गावात बऱ्याच चर्चा होत्या. तिला मगरीने ओढले अशी एक होती. कृष्णेत मगरी आहेत, तेव्हा ही निदान पाण्याला धरून होती. म्हाताऱ्या बायका म्हणत होत्या, साती आसरांनी नेली. पारावरच्या मंडळींना पुलाजवळ एक अनोळखी मोटारसायकल दिसली होती, आणि तिचा रंग रोज बदलत होता. देह सापडायच्या आधीच तिचा लग्नातला फोटो व्हॉट्सॲपवर ‘पळून गेली’ या मजकुरासह आमच्या आईपर्यंत पोहोचला. एवढ्या चर्चांतून आपल्या खात्याने नेमकी एक उचलली आणि तिच्यावर शिक्का मारला. तपास म्हणतात तो हाच असेल, तर तो पारावर फुकट होतो. त्यासाठी ठाणे कशाला?

या निष्कर्षाला आधार काय, तर तिच्या चपला पायरीवर नीट काढून ठेवलेल्या होत्या. आत्महत्या करणारी माणसे चपला काढून ठेवतात म्हणे. महोदय, नदीवर धुणे धुणारी प्रत्येक बाई चपला पायरीवरच काढते, कारण खालच्या दोन पायऱ्यांवर शेवाळ असते. चपलांशेजारी पिळून ठेवलेल्या दोन साड्या होत्या, न पिळलेली एक चादर होती आणि साबणाची अर्धी वडी होती. पंचनाम्यात चपला आहेत, चादर नाही. मरायला निघालेली बाई आधी दोन साड्या कशाला पिळेल, हे मी विचारले, तेव्हा समोरचे साहेब मोबाइलकडे बघत होते.

त्याच्याही आधीची गोष्ट सांगतो. मी मिसिंग नोंदवायला गेलो त्या रात्री मला ‘येईल दोन दिवसांत, बायका अशा जातात’ असे ऐकवले गेले. आमच्याकडे नदी हीच दोन जिल्ह्यांची हद्द आहे. त्यामुळे देह सापडल्यावर तो अलीकडचा की पलीकडचा, यावर दोन ठाण्यांचा खल चालला आणि माझी बहीण अडीच तास काठावर चादरीखाली पडून राहिली. ती चादर मी घरून आणली होती. आई तेव्हापासून नदीकडची खिडकी उघडत नाही. मला मधुमेह आहे, हेलपाट्यांच्या दिवशी गोळी चुकते. पण हे आपल्याला सांगून काय उपयोग!

बुडून मृत्यू झाला की मेल्यावर देह पाण्यात पडला, हे फुप्फुसांवरून आणि हाडांच्या मगजातल्या डायटमवरून, म्हणजे पाण्यातल्या सूक्ष्म शेवाळावरून, तपासता येते, असे मी वाचले आहे. आमच्या कागदांत ‘व्हिसेरा राखून ठेवला’, म्हणजे तपासणीसाठी आतले अवयव काढून ठेवले, एवढेच आहे, पुढे कोरे. लग्नाला सात वर्षे व्हायच्या आत ती गेली असती, तर कायद्याने दंडाधिकाऱ्यांची चौकशी आली असती. तिच्या लग्नाला नऊ वर्षे झाली होती. आठव्या वर्षापासून बाईच्या मरणाची शंका संपते, असे समजायचे का? मला सासरच्यांवर आरोप करायचा नाही. ती घसरली असेल, तर घसरली असे लिहा. पण पाहून लिहा.

२०१९ ते २०२१ या तीन वर्षांत महाराष्ट्रातून १,७८,४०० महिला आणि १३,०३३ मुली बेपत्ता झाल्या, ही माहिती सरकारनेच संसदेत दिली होती. नुसत्या महिलाच धरल्या तरी दिवसाला एकशे साठच्या वर होतात. यातल्या पुष्कळ परत आल्या असतील. ती वजाबाकी मी का करू? ती आपल्या खात्याने केली असती, तर राहिलेल्या किती जणींना नदीने पोटात घेतले हे कळले असते. आणि मुळात ती नदीवर का गेली? २०१९ साली जल जीवन मिशन जाहीर झाले, २०२४ पर्यंत प्रत्येक ग्रामीण घरात नळ येणार होता. नळ आला आहे. तिच्या सासरी तो चौथ्या दिवशी अर्धा तास गुरगुरतो. हे खाते आपले नाही, असे उत्तर येईल, ते मला पाठ आहे. इथे प्रत्येक गोष्ट दुसऱ्याच खात्याची असते, फक्त प्रेत आमचे असते.

म्हणून मागणे थोडेच आहे. व्हिसेऱ्याचा अहवाल द्या. पंचनाम्यात घाटावरची ती न पिळलेली चादर नोंदवा. आणि ‘गावात चर्चा आहे’ हे वाक्य ठेवायचेच असेल, तर ती चर्चा कोणी केली त्यांची नावे लिहून त्यांचे जबाब घ्या. कोणाचे जबाब घ्यायचे ते मी सांगू शकतो. सतरा वेळा आलो, एकदाही कोणी विचारले नाही.

आपला,
कृष्णाकाठचा एक भाऊ