केबल कापण्याआधी तुम्ही आलात

आदरणीय सर,

सादर नमस्कार.

साताऱ्यातल्या त्या डायलिसिस विभागाचं काम पूर्ण होऊन महिना झाला. फोनवर आभार मानले होते, पण तेवढ्याने मन भरलं नाही. शिवाय डक्टिंग (एसीची हवा नेणाऱ्या पत्र्याच्या नळ्यांचं काम) करणाऱ्या इतरांनाही हे कळावं, म्हणून सगळ्यांसमोर लिहितोय.

छताला टांगलेल्या एएचयूचा (हवा गाळून डक्टमध्ये सोडणाऱ्या यंत्राचा) फिल्टर अर्धाच बाहेर यायचा. शेजारचा डक्ट भूकंपात हलू नये म्हणून लावलेली तारेची केबल तिरकी वर स्लॅबला जाते, ती नेमकी फिल्टरच्या दारासमोर. फॉल्स सीलिंगवाले खोळंबले होते. ‘दोनच तर केबल, काढून टाकू’ असं मी ठरवलंही होतं. तुम्ही म्हणालात, ‘कापू नका, मी येतो.’ आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कराडहून एसटीने आलात.

आल्या आल्या शिडीवर चढलात. फिल्टर स्वतः ओढून बघितलात, तो केबलला अडला तिथे खडूची खूण केलीत. मग खाली बसून पोरांना समजावलंत: केबल फक्त ताण घेते, ढकललेलं तिला सोसत नाही, म्हणून ती दोन्ही बाजूंनी लागते. एक काढली की दुसरी एकटी पडते. लोखंडी अँगल ताणही घेतो आणि दाबही, त्यामुळे तो एकाच बाजूला, दाराच्या पलीकडे, चालतो. मी लगेच म्हणालो, मग तेवढ्या दोन ठिकाणी अँगल लावू. तुम्ही तेही अडवलंत. एकाच रांगेत केबल आणि अँगल मिसळले तर केबल ताणली जाण्याआधी सगळा भार अँगलवर येतो. म्हणून त्या रांगेचं आडवं ब्रेसिंग (डक्ट बाजूला हलू न देणारे तिरके आधार) पूर्ण बदलून अँगलचं केलं. डक्ट ज्याला टांगलेला असतो तो हँगर रॉड दाबाने वाकू नये म्हणून त्यालाही अँगलची जोड दिली. एका ठिकाणी विजेच्या वायरींचा केबल ट्रे आडवा आला, तिथे आधार दोन फूट सरकवला, पण दोन आधारांमधल्या अंतराची ड्रॉइंगमधली 30 फुटांची मर्यादा मोडू दिली नाहीत. स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही होईपर्यंत ड्रिल मशीनला हात लावू दिला नाहीत, हेही बरंच झालं.

दुपारी डबा खाताना तुम्ही 11 डिसेंबर 1967 ची पहाट सांगितलीत. कोयनेचा भूकंप, पाटणजवळचं तुमचं घर, अंधारात आईने हाताला धरून बाहेर ओढलेलं. त्यानंतर कामाच्या वाढलेल्या तीन दिवसांबद्दल मी एकदाही कुरकुर केली नाही.

परवा पहिल्यांदा फिल्टर बदलला. सर्व्हिसच्या मुलाने दार पूर्ण उघडलं आणि फ्रेम सरळ हातात घेतली. मी खाली शिडी धरून उभा होतो. तुमचीच आठवण झाली.

आपला,
साईट सुपरवायझर