साबण मागायलाही आधी अर्जच?

महोदय,

कोरोना महासाथीच्या काळात कैद्यांनी तुरुंग प्रशासनावर भरलेल्या खटल्यांचा विषय निघाला, की ‘गुन्हेगारांचे लाड’ हे शब्द हमखास कानी पडतात. त्यांच्या मागण्या काय होत्या? साबण, मास्क, चाचणी, दोन खाटांमध्ये अंतर.

अमेरिकेत टेक्सास राज्यातल्या पॅक युनिट या तुरुंगात बरेचसे कैदी वृद्ध आणि आजारी. तिथल्या दोघा वृद्ध कैद्यांनी २०२०च्या मार्चअखेर दावा लावला. खालच्या न्यायालयाने खबरदारीचे आदेश दिले, अपिली न्यायालयाने ते रोखले. रोखण्याचे एक कारण असे, की १९९६च्या कायद्यानुसार कैद्याने आधी तुरुंगातली अंतर्गत तक्रारप्रक्रिया पूर्ण करायला हवी. त्या प्रक्रियेला तिथे महिनोन्‌महिने लागत. नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती उठवायला दुसऱ्यांदा नकार दिला, तोवर त्या एका तुरुंगात २० कैदी दगावले होते. न्या. सोनिया सोटोमायर यांनी भिन्नमत नोंदवले, पण भिन्नमताने स्थगिती उठत नाही.

ही अट मुळात निरर्थक नाही. किरकोळ कुरबुरी जागच्या जागी मिटाव्यात, कोर्टांवर भार पडू नये, हे पटण्यासारखे आहे. पण संसर्गाची तक्रार त्याच रांगेत उभी करायची? कैदी स्वतःहून गर्दीपासून लांब जाऊ शकत नाही. शिवाय आजार आत येतो तो बाहेरून. कॅलिफोर्नियातल्या सॅन क्वेंटिनमध्ये तो आला दुसऱ्या तुरुंगातून हलवलेल्या कैद्यांबरोबर, म्हणजे प्रशासनाच्याच बसमधून. तिथे २८ कैदी आणि एक अधिकारी गेला.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२०मध्ये कोणी दार ठोठावण्याची वाट न पाहता स्वतःहून दखल घेतली, पॅरोल आणि अंतरिम जामिनासाठी राज्याराज्यांत उच्चाधिकार समित्या नेमायला लावल्या. हे चांगलेच झाले. मात्र सुटका झाली ती ठरावीक कैद्यांची. जे आतच राहिले, त्यांच्या औषधपाण्याचा प्रश्न त्याने सुटत नाही.

म्हणून साथ जाहीर होताच आरोग्यविषयक तक्रारींना वेगळी, दिवसांत मोजता येईल अशी मुदत असावी. त्या मुदतीत लेखी उत्तर आले नाही, तर कैद्याला थेट न्यायालयात जाता यावे, आणि ‘आधी अर्ज का केला नाहीस’ हा बचाव प्रशासनाला तिथे घेता येऊ नये.

– एक वाचक