फोन आधी बाबूच्या हातात दे

म्हापसा,
रविवार दुपार

चि. बाय हीस,
अनेक आशीर्वाद.

काल थिवीहून गाडी सुटली तेव्हा तू खिडकीतून बाळाचा हात हलवत होतीस आणि बाबू समोर तोंड फिरवून बसला होता. घरी येईपर्यंत तेच डोळ्यांपुढे. रात्री पोचल्याचा फोन आला, बाळ गाडीत रडलं नाही हेही कळलं. बाबूचं काही कळलं नाही.

परवा त्याने बाळाला चिमटा काढला आणि मी त्याच्यावर ओरडलो. चुकलंच माझं. पोर भरल्या ताटावरून उठलं. तू म्हणालीस, "होईल सवय, पप्पा." होईलही.

1986 चा पावसाळा तुला आठवणार नाही. 5 जुलैला मांडवीवरचा पूल कोसळला आणि पुढच्या महिन्यात भाई झाला. तुला तीन वर्षंही पुरी नव्हती. बेतीच्या धक्क्यावर फेरीबोटीसाठी ही गर्दी, वरून पाऊस, तू माझ्या खांद्यावर. मध्येच विचारलंस, "पूल पडला म्हणून आई येत नाही?" मी हो म्हटलं. तेवढ्यापुरतं सोपं वाटलं. मग आई फेरीतूनच आली, भाईला कुशीत घेऊन. पूल तर पडलेलाच होता. दोन दिवस तू तिच्याजवळ गेली नाहीस.

तेव्हा मी तुला म्हटलं, "आता तू मोठी झालीस." कौतुकानेच म्हटलं. त्यानंतर कडेवर घे म्हणून तू कधी हात वर केले नाहीस, आणि पोर किती शहाणी म्हणून आम्ही गावभर सांगत राहिलो. ते शहाणपण नव्हतं बाय. परवा बाबू ताटावरून उठला तेव्हा मला ते कळलं.

बाळ निजलं की लगेच भांड्यांकडे धावू नकोस, घटकाभर बाबूजवळ बस. बाळाला जावईबापूंकडे दे नि त्याला तू घे. मध्येच बोबडं बोलू लागला, अंथरूण ओलं केलं, तरी रागावू नकोस; धाकटं आलं की थोरल्यांचं असं होतं. आणि "दादा आता मोठा झाला" असं कुणाला म्हणू देऊ नकोस.

उपदेश करायचा नाही असं ठरवून बसलो होतो. राग मानू नकोस. रात्रीची जागरणं, नोकरी, दोन पोरं, हे सगळं तू ओढतेस ते पाहून तुझी आई न्हाणीत जाऊन डोळे पुसून आली. मला मात्र तुझा अभिमान वाटला, आणि भीतीही. स्वतः वेळेवर जेव. आळिवाचे लाडू पिशवीत तळाशी आहेत.

खाटेखाली बाबूने जमवलेल्या काजूच्या बिया सापडल्या, एकवीस. तशाच डब्यात ठेवल्यात. चवथीला गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधताना तो माझ्याबरोबर असेल, हे त्याला सांग. नाही, तू नको सांगू, मीच सांगतो. रात्री फोन करशील तेव्हा आधी त्याच्या हातात दे.

तुझे,
पप्पा