गुळाचा चहा

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर आई बोलता बोलता म्हणाली, की 'या गोळ्यांनी कर्करोग होतो' असा मेसेज वाचून बाबांनी साखरेऐवजी चहात टाकायच्या गोळ्यांची डबी फेकून दिली आणि महिनाभर गुळाचा चहा चालू आहे. तेव्हा मी गप्प बसले, कारण घशात हुंदका अडकला होता. म्हणून लिहितेय. चष्मा लावून सावकाश वाचा.

बाबा, तुम्हाला आलेला मेसेज सगळाच खोटा नाही. जुलै २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ॲस्पार्टेमला, म्हणजे तुमच्या गोळ्यांतल्या गोड द्रव्याला, 'कर्करोगाचं कारण असू शकेल' अशा गटात टाकलं. पण एखाद्या वस्तूने कर्करोग होऊ शकतो याला पुरावा कितपत आहे, एवढंच ती संस्था बघते. किती खाल्ल्यावर, हे ती सांगत नाही. कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही त्याच गटात आहे. किती चालेल हे त्याच वेळी दुसऱ्या तज्ज्ञ समितीने सांगितलं: वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ४० मिलिग्रॅमपर्यंत, म्हणजे पूर्वीइतकंच. तुमचं वजन ६२ किलो, म्हणजे २४८० मिलिग्रॅम. तुमच्या एका गोळीत १८. दिवसाच्या सहा गोळ्यांचे झाले १०८. आयुष्यभर बँकेत दुसऱ्यांचे हिशेब तपासलेत, हाही तपासा.

सगळ्या शंका मिटल्यात असं मी म्हणणार नाही. फ्रान्समध्ये लाखभर लोकांच्या २०२२ च्या अभ्यासात साखरेऐवजीची अशी कृत्रिम गोड द्रव्यं जास्त घेणाऱ्यांत कर्करोग थोडा जास्त दिसला. पण ज्यांचं वजन किंवा साखर आधीच वाढलेली असते तेच बहुधा या गोळ्यांकडे वळतात, त्यामुळे दोष नेमका कशाचा ते अशा पाहणीतून ठरत नाही. वजन कमी करायला ही गोड द्रव्यं वापरू नका, असं आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये सांगितलं ते खरं, पण ज्यांना तुमच्यासारखा आधीपासून मधुमेह आहे त्यांच्यासाठी ती सूचना नव्हती. मेसेजमध्ये हे नव्हतं.

आणि गूळ? त्यात लोह असतं, कबूल. पण बहुतेक सगळी साखरच. मार्चमध्ये तुमचा तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा ८.१ आला होता. तळपायाला मुंग्या येतात हे तुम्ही माझ्यापासून लपवलंत, आईने सांगितलं. आजोबांचा पाय कसा गेला ते मी आठ वर्षांची असताना पाहिलंय. गोळीची भीती मला समजते बाबा, पण माझ्या पोटात गोळा येतो तो त्या पायाच्या आठवणीने.

आई, गोळ्या चहाबरोबर उकळू नकोस. उष्णतेने ॲस्पार्टेमचा गोडवा जातो, मग दोनाच्या चार पडतात. कपात ओतल्यावर टाक. आणि दिवाळीला दुकानातून ती 'शुगर फ्री' काजूकतली आणू नकोस. त्यात बऱ्याचदा माल्टिटॉल नावाचं दुसरं गोड द्रव्य असतं, तेही साखर वाढवतं, आणि बाबा निर्धास्तपणे सहा तुकडे खातात.

गोळ्या नकोच असतील तर नका घेऊ, माझा आग्रह नाही. दर आठवड्याला गोडी थोडी थोडी कमी करू, जीभ सरावते. फक्त त्या जागी गूळ नको.

साखर तपासायच्या पट्ट्या कुरिअरने पाठवल्यात. उद्यापासून सकाळी उपाशीपोटीचा आकडा कॅलेंडरवर लिहा. शनिवारी पहिल्या गाडीने येतेय, डॉक्टरांकडे आपण तिघं जाऊ.

तुमची,
धाकटी