मोआई घडवणाऱ्यांचं श्रेय त्यांना द्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या बालपुरवणीत पॅसिफिक महासागरातल्या ईस्टर बेटावरच्या अजस्र दगडी पुतळ्यांवर, म्हणजे मोआईंवर, पानभर मजकूर आला होता. ‘हे कोणी घडवले, कसे हलवले, विज्ञानालाही कोडं’ असा मथळा आणि शेजारी उडत्या तबकडीचं चित्र. माझ्या नातवाने ते पान कापून वहीत चिकटवलं, म्हणून हे पत्र लिहिते आहे.

माझे वडील पाथरवट. पेठांमधून जात्यांना, पाट्यांना टाकी लावत फिरायचे. दगड दिसला की आधी त्यावरचे घाव बघायचे, हे मी त्यांच्याकडून शिकले. जंगली महाराज रस्त्यावरच्या पाताळेश्वरात आजही भिंतीवर टाकीचे घाव दिसतात. बाराशे वर्षांपूर्वी अखंड काळ्या पाषाणात ती लेणी कोरली माणसांनी, हे पुण्यात कुणाला पटवावं लागत नाही. मग त्या बेटावरच्या कारागिरांवरच अविश्वास का?

त्यांची खाणसुद्धा जागेवर आहे. रानो राराकू या विझलेल्या ज्वालामुखीच्या उतारावर सुमारे ४०० मोआई अजून उभे-आडवे आहेत, कित्येक अर्धवट. त्यामुळे कामाची रीत पायरीपायरीने दिसते. दगड ज्वालामुखीच्या राखेचा, त्यामानाने मऊ. हत्यार कठीण बेसॉल्टचं, त्याला ते ‘तोकी’ म्हणतात. पुतळा उताणा कोरायचा, चेहरा आणि पुढची बाजू आधी. पाठीखाली दगडाची एक कणा-पट्टी शेवटपर्यंत ठेवायची, ती फोडली की पुतळा सुटतो. मग उतारावरून खाली आणून उभा करायचा आणि पाठ घडवायची. मध्येच कठीण दगडाची गाठ लागली म्हणून सोडून दिलेले पुतळेही तिथे आहेत. गाठ लागल्यावर काम सोडावं लागणं म्हणजे काय, हे आमच्या घरात कुणाला समजावून सांगावं लागलं नसतं. सगळ्यात मोठा, सुमारे २१ मीटरचा, तर खडकातून सुटलाच नाही.

आता हलवण्याचं. पुतळे चालत गेले, असं बेटावरचे लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. बाहेरच्यांनी ती दंतकथा मानली. १९८६ साली पावेल पावेल या चेक अभियंत्याने दोर बांधून खरा मोआई उभ्यानेच पुढे सरकवून दाखवला. पुढे टेरी हंट आणि कार्ल लिपो या अमेरिकन पुरातत्त्व अभ्यासकांनी ४.३५ टनांची काँक्रीटची प्रतिकृती केली. १८ माणसं, तीन दोर. दोन बाजूंनी आळीपाळीने ओढायचं, मागून तोल धरायचा. भरलेलं गॅस सिलिंडर तिरकं करून कडेवर फिरवत नेतो, तसं. ४० मिनिटांत पुतळा १०० मीटर गेला. वाटेत पडलेल्या मोआईंचे बूड रुंद आणि घडण पुढे कललेली आहे. चौथऱ्यावर पोचल्यावर बूड तासून सरळ केलं जाई, डोळ्यांच्या खोबणीही तिथेच कोरत. काही अभ्यासक अजून लाकडी सांगाड्यावरून ओढत नेल्याचं मानतात. वाद आहे तो एवढाच, दोरांचा की ओंडक्यांचा.

खरं सांगायचं ते आपल्या पानावर आलंच नाही. १८६२-६३ मध्ये पेरूहून आलेल्या जहाजांनी गुलाम म्हणून दीड हजारांच्या आसपास माणसं धरून नेली. जे थोडे परतले त्यांच्याबरोबर देवी आल्या. १८७७ मध्ये बेटावर १११ रापानुई, म्हणजे बेटाचे मूळ रहिवासी, उरले होते. बेटाची लिपी वाचणारे गेले, जाणती माणसं गेली. ज्यांच्या आठवणीच अशा हिसकावल्या, त्यांच्या कामाला ‘कोडं’ म्हणायचं, याचं मला फार वाईट वाटतं. त्यांचे वंशज आज त्याच बेटावर राहतात. १८६८ मध्ये ब्रिटिश जहाजाने नेलेला एक मोआई लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तो परत मागायला ते २०१८ साली लंडनला जाऊन आले.

येत्या बालपुरवणीत खाणीतल्या अर्धवट पुतळ्याचा मोठा फोटो छापावा, आणि त्याखाली तोकी आणि दोर कसे वापरले ते मुलांना समजेल असं लिहावं, ही विनंती. जागा कमी पडली तर तबकडीचं चित्र वगळा.

आपली वाचक,
कसबा पेठ, पुणे