स्टुटगार्टहून, बाबांच्या प्रश्नाचं उत्तर

ती. बाबा आणि आईस सा. नमस्कार,

मी मजेत आहे. थंडी आहे पण घरात हीटर छान चालतो, जेवणही वेळेवर होतं.

बाबा, फोनवर तुम्ही परत तेच विचारलंत, कंट्रोलर म्हणजे कंपनीचा पैसा तुझ्या ताब्यात, काही इकडचं तिकडे झालं तर तुलाच धरतील ना? तसं नाही हो. बँक, कर्ज सगळं ट्रेझरीवाले बघतात. तुम्ही कारखान्यात चीफ अकाउंटंट म्हणून केलंत तेच मी करते, फक्त साखरेच्या पोत्यांऐवजी मशीनचे पार्ट. महिना संपला की ५ दिवसांत त्या महिन्याच्या हिशोबाचं क्लोजिंग, माल आला पण बिल आलं नाही तर प्रोव्हिजन, म्हणजे अंदाजे खर्चाची तरतूद करायची, बजेटपेक्षा जास्त कुठे गेलं ते सीएफओंना, म्हणजे आमच्या वित्तप्रमुखांना सांगायचं. पेमेंट दोघांनी पास केल्याशिवाय जातच नाही, एकटीच्या हातात काही नसतं. निवांत झोपा.

आई, तुझा वाढदिवसाचा मेसेज रात्री १२ ला आला, पण तुझे १२ म्हणजे इथे आदल्या संध्याकाळचे साडेसात. इथे वाढदिवसाच्या आधी कुणी शुभेच्छा देत नाही, अपशकुन मानतात, अगदी १ तास आधीसुद्धा नाही, आणि केक ऑफिसवाले आणत नाहीत, ज्याचा वाढदिवस त्यानेच घरून न्यायचा, मी तुझा रव्याचा केक नेला, सगळा संपला. बाबा, इथला हिशोबाचा कायदाही असाच, नफा पदरात पडल्याशिवाय मांडायचा नाही, तोटा नुसता दिसला तरी लगेच धरायचा. पण आई तू १२ लाच पाठव, मी वाट बघत असते.

आता चिमीचं लग्न. आमचं वर्ष ३१ डिसेंबरला संपतं, पुढच्या ३ महिन्यांत ताळेबंद तयार लागतो, फेब्रुवारीत ऑडिटर येऊन बसतात आणि मुहूर्त नेमका तेव्हाच. ४ दिवसांची रजा मिळालीय, हळदीच्या सकाळी पोचते. बस्त्याला मी नाही, केळवणाला नाही, चिमी काही बोलली नाही पण मला कळतं. धाकटीचं आधी का म्हणून आत्या विचारेल, तिला मी आल्यावर सांगेन, तुम्ही ऐकून घेऊ नका.

हॉलचे २ लाख सोमवारी पाठवलेत, आले का बघा. आईच्या पाटल्या मोडायच्या नाहीत, कमी पडलं तर आधी मला फोन करा.

तुमची,
ताई