होर्ताला थांबाल तेव्हा बाजार शेवटी

अमळनेर
मे महिना

प्रिय सुनील,

सप्रेम नमस्कार. बर्म्युडाहून निघताना पाठवलेलं तुझं पत्र मिळालं. पोर्तुगालच्या अझोर्स बेटांपैकी फायलवर होर्ताला थांबून इंग्लंडातल्या फालमथपर्यंतचं शिडाच्या बोटीचं सामान भरायचं काम तुझ्या गळ्यात पडलंय म्हणतोस. मग एक गोष्ट पक्की कर भो: बाजार सगळ्यात शेवटी. 1800 सागरी मैल खारं पाणी बघून आलेला माणूस जमिनीवर पाय ठेवला की मंडईकडे पळतो. भाजी येते, केबिनमध्ये सुकत बसते, आणि गॅसचं सिलिंडर मात्र भरून आलेलंच नसतं. वेळखाऊ कामं आधी धर.

पोचण्याआधी रेडिओवर मरीनाला, म्हणजे बोटी लावायच्या बंदराला, हाक द्यायची. पहिल्यांदा स्वागत-धक्क्यालाच लागायचं. पासपोर्ट, बोटीची कागदपत्रं आणि सगळ्यांच्या नावांची यादी घेऊन. आपल्या पासपोर्टला शेंगेन व्हिसा लागतो, तो हाताशी ठेव. मे-जूनमध्ये कॅरिबियनहून युरोपला परतणाऱ्या बोटींची तिथे झुंबड असते. एकीला एक बांधून तीन-चार बोटी उभ्या राहतात, त्यामुळे सामान दुसऱ्यांच्या डेकवरून आणावं लागतं. पुढून, शिडाच्या खांबासमोरून जायचं. कोणाच्या कॉकपिटमधून, म्हणजे मागच्या सुकाणूजवळच्या बसायच्या जागेतून, जाऊ नये, असा रिवाज आहे. 10 जूनला पोर्तुगालची राष्ट्रीय सुट्टी असते, आणि पेंटेकोस्टनंतरचा (ईस्टरनंतरच्या सातव्या रविवारनंतरचा) सोमवार अझोर्सची सुट्टी. ते दिवस कॅलेंडरवर आधीच खुणावून ठेव.

आता हिशोब. फालमथ साधारण 1200 सागरी मैल. दिवसाला 120 धरले तर दहा दिवस. सामान मात्र पंधरा दिवसांचं भर. अझोर्सच्या आसपास उन्हाळ्यात हवेच्या जास्त दाबाचा पट्टा बसून असतो. त्यात सापडलात तर वारा पडतो आणि इंजिन चालवावं लागतं. तुमच्यासारखं मध्यम इंजिन सावकाश चालवलं तर ताशी तीनेक लिटर डिझेल खातं. दोन दिवस सलग चालवायचं म्हटलं तर 150 लिटर हाताशी हवं.

गॅसपासून सुरुवात कर. 2.75 किलोचं निळं सिलिंडर युरोपात बदलून मिळतं. इतर सिलिंडरांचे आटे निराळे असतात, म्हणून रेग्युलेटर सोबत नेऊन दुकानातच बसवून बघ. चौघांचा स्वयंपाक नि चहा, कुकर वापरून, एका सिलिंडरवर साधारण बारा-चौदा दिवस चालतो. म्हणजे दोन भरलेली हवीत. जोडल्यावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघ. गॅस हवेपेक्षा जड. गळला तर बोटीच्या तळाशी साचतो आणि एका ठिणगीचं निमित्त पुरतं. भरिताचा मोह टाळ. वांगी मिळतील, पण ती भाजण्यात जो गॅस जातो त्यात दोन दिवसांचं वरण शिजतं.

पाणी: माणशी रोज तीन लिटर, म्हणजे पंधरा दिवसांचं 180 लिटर, फक्त पिण्या-स्वयंपाकाचं. नळी लावल्यावर पहिलं पाणी वाहू दे, चव बघ, मगच टाकी भर. सगळं एका टाकीत नको. 20 लिटरचे दोन कॅन वेगळे ठेव, कारण टाकी नासली की सगळंच नासतं. शंका आली तर बिनवासाचं साधं ब्लीच 100 लिटरला 10 मिली पुरे. आणि डेकवरची झाकणं! पाण्याचं आणि डिझेलचं झाकण शेजारी-शेजारी असतं, दिसायलाही सारखंच. भरताना प्रत्येक वेळी मोठ्याने वाचून मगच उघड. डिझेल घेताना त्यातलं पाणी गाळणारं नरसाळं वापर. डिझेलखाली पाणी राहिलं की त्या सीमेवर जंतू वाढतात, त्यांचा गाळ होतो आणि ऐन समुद्रात, बोट हलली की तो फिल्टरमध्ये येऊन बसतो.

आता बाजार, निघायच्या आदल्या दिवशी. पुठ्ठ्याचं एकही खोकं आत नेऊ नको, त्याच्या पन्हाळ्यांत झुरळांची अंडी असतात. सगळं धक्क्यावरच मोकळं कर. कोंबडीची अंडी फ्रिजबाहेरच्या मांडणीवरची, न धुतलेली घे. दोन-तीन दिवसांनी उलटत राहिलास तर महिनाभर टिकतात. पानकोबी सुरीने कापू नको, बाहेरून एकेक पान सोल. कांदे आणि बटाटे एका टोपलीत नकोत. डब्यांवरचे कागद काढून टाक आणि नाव मार्करने लिही. तळात पाणी आलं की कागद सुटतो आणि पंपाच्या तोंडाशी जाऊन अडकतो. चीज साओ जॉर्ज बेटाचं घे, कडक असतं, टिकतं.

केळी तुला काय सांगू, रावेरचा माणूस तू! फक्त आपल्याकडे रायपनिंग चेंबर असतो तो तिथे नाही, एवढंच. एक अख्खा घड घेतलास तर सगळा एकदमच पिकेल आणि चौघं मिळून दिवसाला वीस केळी खाणार नाही. एक फणी पिवळी, एक अर्धी, दोन कच्ची घे. कच्ची फ्रिजमध्ये घालू नको; 13 अंशांखाली साल काळी पडते आणि केळं नीट पिकतच नाही. सफरचंद-टोमॅटोपासूनही लांब टांग, आणि पानकोबीपासूनही; पिकणाऱ्या फळांच्या वायूनं ती पिवळी पडते.

ज्वारी शोधण्यात दिवस घालवू नको; तिथे मक्याचं पीठ मिळेल, भाकरी त्याची थाप. तूर-उडीद विसर, चवळी आणि हरभरे घे. हरभरे रात्री भिजव, कुकर अर्धाच भर. भात-बटाट्याला एक वाटी समुद्राचं, दोन वाट्या गोडं पाणी चालतं, मीठ वेगळं घालू नको. बंदराजवळचं पाणी मात्र कधीच नाही.

जड माल खाली, मध्यभागी, आणि कुठलं सामान कोणत्या लॉकरमध्ये त्याची यादी नकाशाच्या टेबलावर चिकटव.

इकडं ऊन मी म्हणतंय. घरचे मजेत. वहिनींना फोन कर; उन्हाळ्यात आपण तुमच्यापेक्षा साडेपाच तास पुढे असतो, तेवढं ध्यानात ठेवून.

तुझा,
प्रकाश